आमच्या घरी ये

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावलेलं आहे. आईने दोनदा बजावलं. एकदा रिक्षातून उतरताना आणि एकदा घरात आल्यावर, दाराची वरची कडी लावून. मी सांगत नाहीये, लिहिते आहे. मी तिथे होते, पण गोष्ट आईची आहे, म्हणून आईला तिच्या नावाने लिहिते, अश्लेषा. आणि कोपऱ्यात बसलेल्या मुलीलाही तिच्या नावाने, ज्ञानदा. लांबून पाहिलं की जास्त नीट दिसतं.

अश्लेषाचा रविवार ठरलेला असे. सकाळी आठवड्याची भाजी निवडून डब्यांत भरायची, मग ज्ञानदाच्या गणवेशाला इस्त्री, मग सुरतेला नवऱ्याला फोन, आणि दुपारी दीड तास झोप. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायची. घरी कुणी म्हणालं, ‘अंग गरम लागतंय,’ तर ती कपाळाला हात न लावता आधी थर्मामीटर आणायची.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या फोनवर एक नवा ग्रुप उगवला. ‘आठवी ब’. कुणीतरी तिचा नंबर मिळवून तिला त्यात घातलं होतं. ॲनी, ग्लोरिया, यमुना, आणि ती. किल्ल्याच्या रस्त्याकडच्या त्या गावात अश्लेषाचे वडील सहा वर्षं नोकरीला होते. आठवीत असताना ऑक्टोबरमध्ये त्यांची बदली झाली, आणि त्यानंतर ती गावात एकदाही गेली नाही. लग्नानंतर एव्हरशाईन सिटीत घर घेतलं, तेव्हापासून गाव रिक्षाने पस्तीस मिनिटांवर होतं. तरी गेली नाही.

ॲनीने लिहिलं होतं, ‘ये गं रविवारी. पाचही जणी भेटू.’ आणि खाली, ‘मुलीला आण हं. नक्की आण.’

अश्लेषाने ग्रुपवरची नावं पुन्हा मोजली. चार. पाचवी कॅथरीन असणार. तिच्याकडे फोन नसेल, किंवा तिला असलं काही आवडत नसेल. लहानपणीही ती कमीच बोलायची. अश्लेषाने इस्त्री बंद केली आणि लिहिलं, ‘येते.’

२

ॲनीचं घर तेच होतं, फक्त कौलं जाऊन स्लॅब आला होता. मागे वाडी, केळी, विहीर आणि विहिरीजवळ पंपाची खोली. तिला नवा रंग दिला होता. दाराला मात्र जुनीच लोखंडी कडी होती, बाहेरून घातलेली.

“आली बाई एव्हरशाईनची,” ग्लोरिया ओट्यावरूनच म्हणाली. “स्टेशनच्या या बाजूला यायला व्हिसा लागतो काय गं तुम्हाला?”

अश्लेषा हसली. ग्लोरिया हसली नाही.

यमुना पाचूबंदरची. मासे विकता विकता तिचा आवाज चढलेला, हातात सोन्याच्या जाड पाटल्या. तिने अश्लेषाला सोडून आधी ज्ञानदाकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, ताजं की शिळं बघावं तसं.

“ही तुझी? कितवीला?”

“नववीला.”

“बोलते का?”

“लाजते जरा,” अश्लेषा म्हणाली.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“आमची रेनिता पन लाजते,” यमुना म्हणाली, आणि ॲनी पटकन म्हणाली, “यमुना, पाणी आण.”

दिवाणखान्यात रेनिता बसली होती. ॲनीची मुलगी, सोळा-सतरा वर्षांची. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. कोण आलं ते बघायला तिने मान वळवली नाही. ज्ञानदा तिच्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, “हाय.” रेनिताने पापणीही हलवली नाही.

आणि समोर, खिडकीपाशी, एक वेताची खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर पांढरी लेसची चादर घातलेली. खोलीत बसायला जागा कमी होती, ग्लोरिया स्वयंपाकघरातून स्टूल ओढून आणत होती, यमुना तर खालीच बसली. पण त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. ॲनी पाण्याचा ट्रे घेऊन आली तीसुद्धा खुर्चीला वळसा घालून, कुणाचे पाय आडवे असावेत तशी.

अश्लेषाने खुर्चीकडे पाहिलं. नवी खुर्ची होती. पण वेताची बसकण मधोमध खाली गेली होती. ती बघत असतानाच वेत करकरला.

ऊन पडलंय खिडकीतून, अश्लेषाने मनाशी म्हटलं. उन्हाने वेत वाजतो.

३

जेवण चांगलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचं कालवण, तळलेले बोंबील. मुलींना आधी वाढलं होतं. ज्ञानदा जेवली. रेनिताला ॲनीने घास भरवले, आणि प्रत्येक घासानंतर तिची हनुवटी खालून हलकेच दाबून तोंड मिटवलं.

मग मोठ्यांची ताटं मांडली. पाच.

“अजून कोण यायचंय?” अश्लेषाने विचारलं.

“कोन यायचंय?” यमुना म्हणाली. “सगळी आली की.”

पाचव्या ताटात ग्लोरियाने भाकरी वाढली, कालवण वाढलं, आणि ताट नेऊन खिडकीच्या कठड्यावर ठेवलं, खुर्चीजवळ. त्यांच्याकडे असेल काही रीत, अश्लेषाला वाटलं. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना.

“आठवतं?” ती म्हणाली. काहीतरी बोलायला हवं होतं. “या महिन्यात चर्चमधली मायची मूर्ती घरोघर फिरायची. एक रात्र एका घरी. दुसऱ्या दिवशी पुढच्या घरचे मेणबत्त्या घेऊन यायचे न्यायला.”

“अजून फिरते,” ॲनी म्हणाली.

“आणि आपण तोच खेळ खेळायचो!”

“सांग ना,” ग्लोरिया म्हणाली. “कसा खेळायचो? तुझ्या तोंडून ऐकू दे.”

तिच्या आवाजात काहीतरी टोकदार होतं, पण अश्लेषा सांगत गेली. मूर्ती व्हायची कॅथरीन. तिच्याइतकं स्तब्ध कुणालाच बसता यायचं नाही. डोक्यावरून लेसची चादर, हात मांडीवर, तळवे वर. एक दिवस ग्लोरियाच्या पडवीत, एक दिवस यमुनाच्या अंगणात, एक दिवस ॲनीच्या पंपाच्या खोलीत. नियम मोठ्यांचाच. ज्यांच्याकडे माय आहे त्यांनी तिला पोचवायला जायचं नाही. पुढच्या घरच्या मुलीने येऊन हात धरायचा आणि म्हणायचं—

ती थांबली.

“काय म्हणायचं?” ॲनीने विचारलं. तिच्या हातातला घास तसाच होता.

“ते... आपलं... बोलवायचं.”

“आणि कुणी बोलवेपर्यंत?”

“मायने हलायचं नाही. बोलायचं नाही. हाकेला ओ द्यायची नाही.” अश्लेषाने पाण्याचा घोट घेतला. तिची नजर आपोआप रेनितावर गेली. मांडीवरच्या तळव्यांवर. “कॅथरीन कुठे असते गं आता?”

खिडकीपाशी वेत करकरला. ऊन तिथून केव्हाच सरकलं होतं.

“इथेच,” यमुना म्हणाली.

४

“तुझ्या आधी ती माझ्याकडे होती,” ॲनी म्हणाली. “पंपाच्या खोलीत. त्या गुरुवारी शाळा सुटल्यावर तू न्यायला यायचं होतंस.”

“आमचा टेंपो आला होता. बाबांची बदली दोन दिवस आधीच—”

“माहीत आहे.”

“मला वाटलं, भूक लागली की उठेल आणि जाईल घरी. खेळ होता तो, ॲनी. आपण तेरा वर्षांच्या होतो.”

“तिच्यासाठी खेळ मोडला नव्हता,” ग्लोरिया म्हणाली. “मोडणारी आलीच नाही.”

मग त्या तिघींनी आळीपाळीने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात. संध्याकाळी ॲनीच्या पप्पांनी रोजच्यासारखी पंपाच्या खोलीला बाहेरून कडी घातली. आत पाहिलं नाही. आतून कुणी हाक मारली नाही. रात्री कॅथरीनच्या घरच्यांनी विचारलं, तेव्हा या तिघी म्हणाल्या, ती अश्लेषाबरोबर गेली असेल, टेंपोतून. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. तीन दिवस गाव अश्लेषाच्या वडलांचा नवा पत्ता शोधत होतं आणि अधूनमधून वाडीत हाका मारत होतं. पंपाच्या खोलीवरून माणसं कितीदा गेली असतील. कडी बाहेरून होती. कोण उघडून बघणार?

“माझी आई तिथंच उभी राहून ओरडली होती,” यमुना म्हणाली. “कॅथरीऽन, अगो कॅथरीऽन. एवढ्या अंतरावर. पोरीनं ओ नाय दिली.”

“चौथ्या दिवशी मी कडी काढली,” ग्लोरिया म्हणाली.

अश्लेषाने हातातली भाकरी ताटात ठेवली. “जिवंत होती?”

ग्लोरियाने खुर्चीकडे पाहिलं, मग अश्लेषाकडे.

“असं तिच्यासमोर विचारू नकोस.”

पंखा फिरत होता. लेसच्या चादरीचं टोक मात्र वाऱ्याने हलत नव्हतं, कुणी बोटांत धरल्यासारखं.

“मी तिचा हात धरला आणि म्हटलं,” ग्लोरिया पुढे म्हणाली. “तुझ्याऐवजी म्हटलं. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. ती आली. अकरा वर्षं होती. माझी धाकटी बहीण त्या अकरा वर्षांत एक शब्द बोलली नाही. मग यमुनाने म्हटलं.”

“पंधरा वरसं,” यमुना म्हणाली. “माझी लेक मुकी म्हनून शाळेत नाय घेतली कुनी. नंतर ॲनीला दया आली. बोलली ती, न्यायला आली. त्याच संध्याकाळी माझी पोर मला आये म्हनाली. पंधरा वरसांची झाली तेव्हा पहिल्यांदा.”

“आणि दोन वर्षं झाली, माझी रेनिता गप्प आहे,” ॲनी म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. “चर्चमध्ये गायची, अश्लेषा. सोलो. आता मी तिला घास चावायची आठवण करते. ज्या घरी ती असते, त्या घरातली मुलगी तिच्यासारखी होत जाते. एकेक करून, दर घरी आधीच्यापेक्षा लवकर. हिचा आधी आवाज. मग हात. परवापासून पापण्या.”

“तुझा नंबर होता,” ग्लोरिया म्हणाली. “आहे.”

५

अश्लेषा उठून उभी राहिली. तिचं डोकं आता तिच्या सवयीप्रमाणे चालायला लागलं होतं, आणि तिला त्याचा आधार वाटला. एक मूल गेलं होतं, भयंकर रीतीने, आणि त्यात या चौघींचा हात होता. तीन बायका अठ्ठावीस वर्षं ते अपराधीपण एकमेकींकडे फिरवत होत्या. घरात असं वातावरण असेल तर मुलं मिटतात. त्याला नाव असतं, उपचार असतात. ऐकून ऐकून तिलाच वेताचे आवाज येऊ लागले होते.

“मला माफ करा,” ती म्हणाली. “तेवढंच मी करू शकते. चल, ज्ञानदा.”

“एक वाक्य म्हणायला काय जातंय तुझं?” ग्लोरियाने तिची वाट अडवली. “तुझा विश्वासच नाही ना? मग म्हण की. तीन शब्द.”

विश्वास नव्हता, तर म्हणायला हरकत नव्हती. पण ज्ञानदा स्टुलावर बसली होती, मान खाली, हात मांडीवर. नुसती सवय. ती नेहमीच तशी बसते.

“हात खाली घे,” अश्लेषा ओरडली. ज्ञानदा दचकून उभी राहिली.

“बघ,” यमुना म्हणाली. “मानत नाय म्हनते.”

“माझ्या मुलीला इथे मुद्दाम बोलावलंत तुम्ही.”

“हो,” ॲनी म्हणाली. “तुला दोघी शेजारी बसलेल्या दिसाव्यात म्हणून. माझी आधी तुझ्यासारखीच होती.”

“सरक, ग्लोरिया.”

ग्लोरिया सरकली. एवढ्या सहज की अश्लेषाला नवल वाटलं. “कुणालाच ओढून म्हणायला लावता येत नाही,” ती म्हणाली. “येत असतं, तर तू चपला काढायच्या आत म्हणवून घेतलं असतं.”

६

चपला दारापाशी होत्या. अश्लेषा वाकून पट्टा लावू लागली. वर पाहिलं, तर दारात रेनिता उभी. ॲनीने तिला दंडाला धरून आणलं होतं आणि तिच्या हातात सुकेळ्यांचा पुडा दिला होता, पाहुण्यांना द्यायला. वाडीतली केळी, घरी वाळवलेली, केळीच्या सोपात बांधलेली. मुलीने पुडा पुढे धरला होता की तो तिच्या हातांवर नुसता ठेवला होता, ते कळत नव्हतं. डोळे उघडे होते आणि कोरडे पडून लाल झाले होते.

अश्लेषाला गलबलून आलं. भांडण त्यांच्याशी होतं. या पोरीने काय केलं होतं? तिने पुडा घेतला. आमच्या इमारतीच्या खालीच एक चांगल्या डॉक्टर बसतात, तिच्या मनात आलं. इथून बाहेर काढली पाहिजे हिला, चार दिवस तरी. त्या खुर्चीपासून लांब. आणि तिने तेच केलं, जे कुणाच्याही दारातून निघताना ती करत आली होती, तिची आई करत आली होती, जे आपण सगळेच चपला घालता घालता करतो. त्या मुलीचा गार हात हातात घेतला, थोपटला आणि म्हणाली,

“येते हं बाळा. तू पण ये. आमच्या घरी ये.”

आतल्या खोलीत वेत जोरात करकरला. मग थांबला.

अश्लेषाच्या हातातल्या हाताने हळूच बोटं मिटली. आणि तो हात रेनिताचा नव्हता, कारण रेनिताचे दोन्ही हात तिला समोर दिसत होते. ते डोळे चोळत होते.

“मम्मी,” रेनिता म्हणाली. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज. “मम्मी, डोळे चुरचुरतात.”

ॲनी तिथेच उंबऱ्याच्या आत खाली बसली. ग्लोरियाने कपाळावरून छातीवर क्रूस काढला. “म्हटलंस,” ती म्हणाली. “अखेर म्हटलंस.” तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती. दिवसभर उन्हात ओझं वाहून ते खाली टाकलेल्या बाईचा चेहरा होता तो.

यमुनाने अश्लेषाच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, मग दुसरी.

ज्ञानदाने मागे वळून खिडकीतून पाहिलं. खुर्ची दिसत होती. बसकण वर आली होती, नव्या खुर्चीची असते तशी. पाठीवर चादर नव्हती.

७

रिक्षात ज्ञानदा अंग चोरून दारापाशी बसली.

“पडशील. आत सरक,” अश्लेषा म्हणाली. ती दुसऱ्या दाराला चिकटून बसली होती.

“जागा कुठाय?” ज्ञानदा म्हणाली.

दोघींनी मध्ये पाहिलं नाही. पुलावरून रिक्षा पूर्वेला उतरली, एव्हरशाईनच्या कमानी आल्या, रविवारची गर्दी, पाणीपुरीवाले. अश्लेषा पूर्ण रस्ताभर बोलत राहिली आणि ज्ञानदाला बोलतं ठेवत राहिली. पाढे म्हण. कविता म्हण. दुकानांच्या पाट्या वाच.

इथून पुढे लांबून लिहिता येत नाही.

आज नववा दिवस आहे. तो ग्रुप तिघींनीही सोडला. ‘आठवी ब’मध्ये आता फक्त आई आहे. ती दोनदा त्या घरी जाऊन आली. घराला कुलूप होतं. शेजारचे म्हणाले, सगळी फिरायला गेलीत, मुलगी फार खूश होती. आईने लॅबमधून रजा घेतली आहे. माझा घसा तपासून झाला, रक्त तपासून झालं. सगळे रिपोर्ट चांगले आहेत. ते हातात धरून ती रडली.

आमच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. बाबा सुरतेला गेल्यापासून एका खुर्चीवर इस्त्रीचे कपडे पडून असायचे. मंगळवारी ते कपडे पलंगावर ठेवलेले होते. आईला वाटलं मी उचलले, मला वाटलं आईने. आता त्या खुर्चीवर आम्ही काही ठेवत नाही.

आई आता त्या खुर्चीसमोरही एक ताट वाढते. कुणीतरी येईल, ती म्हणते, कुणी पाहुणी येईल आणि निघताना म्हणेल. सगळेच म्हणतात. मग ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, पण कुणाची मुलगी, ज्ञानदा? कुणाला बोलवू? काल खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या छोटीला घेऊन दारात आल्या, तर आईने त्यांना आत घेतलं नाही. दार अर्धंच उघडून म्हणाली, आजारपण आहे, नंतर या. छोटी मला हात हलवत होती. आईने बरोबर केलं. मला तिचा थोडासा रागही आला.

आमचं एक ठरलेलं आहे. आई कुठेही असली तरी दर पाच मिनिटांनी मला हाक मारते, आणि मी ओ देते. मग तिचं काम पुढे सुरू होतं. आताही ती स्वयंपाकघरात आहे, कुकरची एक शिट्टी झाली आहे. मी खुर्चीकडे पाठ करून लिहिते आहे. पापण्या लवायची आठवण ठेवावी लागते, बाकी काही दुखत नाही.

आईने हाक मारली. मी ओ दिली.

ती पुन्हा हाक मारते आहे. ज्ञानदाऽ, जरा मोठ्याने. हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मी पुन्हा ओ दिली, या वेळी चांगली खणखणीत, माझी मला नीट ऐकू आली, तरी ती माझं नाव घेत पळत येते आहे, म्हणजे मघाशी जी ओ मी